प्रोजेक्ट झोम्बॉईड: पहिला आठवडा कसा काढायचा

गुहागरच्या एका कॉलेजातल्या मुलाने विचारलं आहे: "दादा, प्रोजेक्ट झोम्बॉईड नुकताच घेतला. वेस्ट पॉइंट गावात सुरुवात करतो, घरात बॅट नाहीतर सुरी मिळते, आणि संध्याकाळ व्हायच्या आत मरतो. एकदा शॉटगन मिळाली तर उलट आणखी लवकर मेलो. चावल्यावर काही औषध आहे का? गाव आणि व्यवसाय कुठला घेऊ? लॅपटॉप जुना आहे आणि पावसात आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. जमेल का?"

जमेल. झोंब्यांपासून, म्हणजे माणसं खाणाऱ्या चालत्या मढ्यांपासून, जीव वाचवायचा हा कॉम्प्युटर गेम मी इथे दापोलीत बरीच वर्षं खेळतोय, आजूबाजूच्या पोरांनाही शिकवलाय, आणि सुरुवातीला सगळे ज्या कारणाने मरतात त्याच कारणाने तूही मरतोयस. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. गेमच्या बिल्ड ४१ला, म्हणजे ४१ क्रमांकाच्या आवृत्तीला, धरून लिहितोय. ती डिसेंबर २०२१मध्ये आली आणि शिकायला तीच बरी. डिसेंबर २०२४मध्ये चाचणीसाठी खुल्या झालेल्या बिल्ड ४२त बऱ्याच गोष्टी बदलल्या आहेत, पण खालच्यातलं मुख्य ते तिथेही लागू पडतं.

आधी चाव्याचं, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. झोंबीने चावलं तर औषध नाही. जखमा तीन प्रकारच्या होतात. ओरखड्यातून लागण व्हायची शक्यता ७ टक्के, कातडी फाटली तर २५ टक्के, आणि चावा म्हणजे १०० टक्के. अँटिबायोटिक्स मिळतात, पण ती जखम चिघळली तर उपयोगाची. या रोगावर त्यांचा काही परिणाम नाही. चावल्यावर दोन-तीन दिवसांत ताप चढतो आणि खेळ संपतो. दुसऱ्या गेममध्ये आपण मार खात खात पुढे जातो, मेडिकिट उचलतो, पुन्हा लढतो. ती सवय इथे घात करते. इथे अंगाला हात लागू न देणं हाच खेळ आहे, आणि झोंबीचा हात अंगापर्यंत पोचतो तो दोनच वाटांनी: तू आवाज केलास, किंवा तू दमलास. तुझे सगळे मृत्यू आठवून बघ, प्रत्येकाच्या मुळाशी या दोनातलं एक नक्की सापडेल.

शॉटगनचं कोडं इथेच सुटतं. एका बारात समोरचे दोघे-तिघे पडतात आणि लांबवरच्या गल्ल्यांतले पन्नास तुझ्याकडे वळतात. मग तू पळतोस, पळून दम लागतो, दमलेल्या हाताने मारतोस ते लागत नाही. शॉटगन मिळाली तर उचल, काडतुसांसकट घरात ठेवून दे, आणि पहिला महिनाभर विसरून जा.

गावाबद्दल. गेम अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, नॉक्स कंट्री नावाच्या भागात घडतो, तारीख ९ जुलै १९९३, सकाळचे नऊ. वेस्ट पॉइंट हे नदीकाठचं गाव, मध्यवस्ती दाट, रस्ते अरुंद. माल भरपूर, पण नवख्याला तिथे श्वास घ्यायला जागा नाही. मल्ड्रॉ हे लांबलचक हमरस्त्यावर पसरलेलं, तिथे रस्ता ओलांडणं हेच काम होऊन बसतं. तू रोझवूड घे. गाव छोटं, घरं सुटी सुटी, बऱ्याच परसांना कुंपण, अग्निशमन केंद्र आणि पोलीस ठाणं दोन्ही गावातच. फक्त जवळच तुरुंग आहे, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. रोझवूड कंटाळवाणं वाटलं तर रिव्हरसाइड. लुईव्हिल हे मोठं शहर. तिकडे सध्या बघायचंही नाही.

व्यवसायात मी नवख्याला फायर ऑफिसर सांगतो. ताकद, दमसास, धावणं आणि कुऱ्हाड या चारही बाबतींत थोडी थोडी भर मिळते, आणि ताकद व दमसास ही दोन कौशल्यं गेममध्ये सगळ्यात सावकाश वाढतात. म्हणून ती सुरुवातीलाच विकत घ्यावीत. सुतारकाम पुस्तकं वाचून आणि फर्निचर मोडून वाढवता येतं, ते मागाहून. बर्गलर हाही चांगला पर्याय आहे: पाऊल हलकं पडतं आणि किल्लीशिवाय गाडी सुरू करता येते. गुणदोषांच्या यादीत गुण घ्यायला दोष पत्करावे लागतात. त्यात जास्त तहान लागणं, चष्मा असणं, असले दोष चालतात. नाजूक कातडी, बहिरेपणा, निरक्षरता यांना भरपूर पॉइंट मिळतात म्हणून मोह होईल. घेऊ नकोस. विशेषतः बहिरेपणा: ज्या गेममध्ये मागून येणाऱ्या पावलांचा आवाज हाच तुझा पहारेकरी, तिथे कान देऊन टाकायचे नाहीत.

आणि एक सेटिंग बदल. सँडबॉक्समध्ये, म्हणजे खेळाचे नियम आपण ठरवायच्या प्रकारात, अपॉकॅलिप्सची म्हणजे नेहमीची मांडणी निवड, आणि लागण कशातून होते तिथे फक्त लाळेतून असं कर. म्हणजे ओरखड्याने मरणार नाहीस, चाव्याने मात्र मरशील. झोंब्यांची संख्या एक पायरी कमी केलीस तरी चालेल. घरांचे अलार्म, हेलिकॉप्टर, वीज-पाणी जाणं हे मात्र बंद करू नकोस. ते बंद करून खेळणारी मुलं मी पाहिली आहेत. पुढे खऱ्या मांडणीवर आली की त्यांना सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं.

आता मारामारी. उजवं बटण दाबून धरलं की रोख धरला जातो, डाव्याने फटका, स्पेसने ढकलणं. नवखा माणूस झोंबी दिसला की पुढे जाऊन मारतो. तू उलट कर. रोख धर, त्याला येऊ दे, हत्याराच्या टप्प्यात आला की एक फटका, आणि लगेच दोन पावलं मागे. पुन्हा आला, पुन्हा एक. खाली पडला की डोक्यावर. बॅट असो वा पहार, दोन्ही हातांत धरायची. पहार हे नवख्याचं सगळ्यात भरवशाचं हत्यार, कारण ती लवकर मोडत नाही. स्वयंपाकघरातला तवा सुद्धा पहिल्या दिवशी चालून जातो. सुरीचा टप्पा इतका आखूड की मारायला त्याच्या तोंडापर्यंत जावं लागतं, त्यामुळे हाताशी काहीच नसेल तरच सुरी.

मागे सरकताना एक पथ्य: ज्या बाजूला सरकतोयस ती बाजू आधी बघून साफ केलेली हवी. तुझ्या पात्राला पाठीमागचं दिसत नाही. दोघांशी लढता लढता मागे सरकून तिसऱ्याच्या मिठीत जाणं, हा वेस्ट पॉइंटमधला नेहमीचा शेवट. तिघे-चौघे एकदम भिडले तर ते तुला खाली ओढतात आणि तिथेच संपतं, रक्त किती उरलंय याचा प्रश्नच येत नाही. तू नवीन आहेस तोवर दोघांपेक्षा जास्त समोर असतील तर लढायचं नाही, चालायला लागायचं. चालायलाच, पळायला नाही. नेहमीच्या मांडणीतले झोंबी लंगडत येतात; तू नीट सरळ चालत राहिलास तरी बहुतेक मागे पडतात. दोन घरांना वळसा घाल, एक कुंपण ओलांड, त्यांच्या नजरेआड झालास की त्यांचा माग सुटतो.

कुंपणाची युक्ती मात्र नीट समजून घे, कारण पहिल्या आठवड्यात तुला यानेच तारायचं आहे. कमरेइतकं कुंपण बघ, आपल्याकडे वाडीभोवती चिऱ्याचा गडगा असतो तेवढ्या उंचीचं. ते ओलांडून पलीकडे जा आणि तीन-चार पावलं सोडून उभा राहा. झोंबी येतो, कुंपणाला धडकतो, आणि तोंडावर आपटत तुझ्या बाजूला पडतो. उठायला त्याला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात तू डोक्यावर मारायचं. मारलं की पुन्हा तीन पावलं मागे, पुढचा येईपर्यंत थांब. एकाच वेळी चारजण कुंपणावरून पडायला लागले तर हट्ट न करता तिथून निघ, पुढच्या कुंपणाशी जा. अशा तऱ्हेने सात-आठ जणांचा घोळका एकही ओरखडा न घेता संपवता येतो. उघड्या खिडकीलाही हेच लागू: आत चढणारा झोंबी आधी जमिनीवर पडतो.

लढताना डोळे झोंबीवर जेवढे, तेवढेच पडद्याच्या उजव्या कडेला हवेत. तिथे येणाऱ्या छोट्या चिन्हांना मूडल म्हणतात: भूक, तहान, भीती, झोप, दम, ओझं. यातलं दम लागल्याचं चिन्ह सगळ्यात महत्त्वाचं. त्याची पहिली पायरी दिसली की तुझा मार जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि पुढच्या पायऱ्यांवर तर मारून न मारल्यासारखंच. जो झोंबी तीन फटक्यांत पडत होता तो सहा-सात घेतो, आणि प्रत्येक जादा फटक्याने तू आणखी दमतोस. इथून माणूस परत येत नाही. म्हणून पहिलं चिन्ह दिसताच, समोर एकच झोंबी उरलेला असला तरी, वळून चालायला लाग. लांब जाऊन जमिनीवर बस, दम भरून आला की परत ये. तो झोंबी कुठे जात नाही. बिल्ड ४२मध्ये तर हातांच्या स्नायूंवर वेगळा ताण येतो, त्यामुळे तिथे हे पथ्य आणखी कडक पाळावं लागतं. ओझ्याचंही असंच: पाठीवर मर्यादेबाहेर माल घेऊन लढायला जायचं नाही. लढाईआधी पिशवी जमिनीवर टाक, नंतर उचल.

घरात शिरणं ही वेगळी विद्या आहे. घराला आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मार, वाकून, सी दाबून. खिडक्यांतून आत बघ. मग मागच्या बाजूला ये, दोन-तीन पावलं लांब उभा राहा, आणि क्यू दाबून एकदा हाक मार. आवाज करायचा नाही म्हणतोयस आणि हाक मारायला सांगतोस, असं वाटेल. पण हा आवाज तुझ्या सोयीच्या जागी, तुझ्या सोयीच्या वेळी आहे, आणि आजूबाजूची गल्ली आधी साफ करून मगच मारायचा आहे. आत कोणी असेल तर ते दारावर किंवा काचेवर येऊन थापा मारतं. एक थाप की तीन, ते ऐकू येतं. एक असेल तर बाहेर येऊ दे आणि मोकळ्यावर मार. जास्त असतील तर दुसरं घर बघ, घरांना तोटा नाही.

आत गेल्यावर ज्या दाराने आलास ते उघडंच ठेव. आपल्या वाडीतल्या घराला मागील दार असतं ते उगाच नसतं. इथेही दुसरी वाट ठाऊक असल्याशिवाय घरात थांबू नये. बंद दारं एकेक करून उघड, दार उघडून लगेच मागे हो. न्हाणीघराचं आणि कपाटाच्या खोलीचं दार विशेष जपून: हाक ऐकूनही बाहेर येऊ न शकलेला झोंबी तिथेच असतो. काच फोडून शिरणार असशील तर उरलेले तुकडे आधी काढ, नाहीतर हात-पाय कापतात आणि काच जखमेत राहिली तर ती चिमट्याने काढावी लागते. काही घरांना चोरघंटा असते. दार-खिडकी उघडताच ती वाजली तर घरात काय आहे हे बघायचा मोह सोडून त्या क्षणी बाहेर पड, आणि सरळ रेषेत न जाता दोन वळणं घेऊन लांब जा. त्या गल्लीत निदान एक दिवस फिरकायचं नाही.

पहिल्या दिवसाची बाकीची कामं थोडक्यात. घराचे पडदे ओढून घे, पडदा नसेल तिथे चादर लाव. पडद्याने नजर अडते, आवाज अडत नाही, हे लक्षात असू दे. जुना शर्ट फाडून पट्ट्या कर, त्या उकळत्या पाण्यात किंवा दारूत निर्जंतुक करता येतात. पूर्ण बाह्या, जीन्स, बूट आणि जमलं तर चामड्याचं जॅकेट. मेलेल्या झोंबीच्या अंगावर दिसलं तरी काढून घे. रोझवूडच्या अग्निशमन केंद्रात जाड जॅकेट आणि कुऱ्हाड मिळू शकते, पण दिवस जुलैचे आहेत, ते जॅकेट घालून उन्हात धावलास तर घामाघूम होऊन तहानेने आणि दमाने हैराण होशील. लढायला घाल, घरी आल्यावर काढ.

टीव्ही सुरू कर. लाइफ अँड लिव्हिंग चॅनेलवर सुरुवातीच्या दिवसांत सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला कार्यक्रम असतात: स्वयंपाक, सुतारकाम, रानात तगून राहणं. ते बघितल्याने कौशल्य फुकटात वाढतं. सुतारकामाचं पहिलं पुस्तक आधी मिळालं तर ते वाचून मग कार्यक्रम बघ, कारण पुस्तक वाचलेल्याला त्यातून जास्त मिळतं. आवाज कमी ठेव, एवढंच.

झोपायचं नेहमी वरच्या मजल्यावर. वरच्या एका खिडकीला हातोडा-खिळ्याने चादरीची दोरी बांध, म्हणजे जिना अडला तरी खाली उतरता येईल. झोप अनावर झाल्याचं चिन्ह असताना बाहेर पडू नकोस. नजर आखूड होते आणि मारही कमी होतो. शेगडी किंवा ओव्हन चालू ठेवून तर कधीच झोपायचं नाही. घर पेटू शकतं आणि सगळं साठवलेलं त्याबरोबर जातं. मायक्रोवेव्हमध्ये धातूचं भांडं ठेवलं तरी आग लागते.

आता वीज-पाणी, आणि या बाबतीत कोकणातल्या मुलाला फार शिकवायला नको. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत आपण काय शिकलो? वीज गेली की पंप बंद, म्हणजे विहिरीत पाणी असून नळाला नाही. फ्रिजमधली मासळी आधी संपवायची. पेट्रोल पंपावर टाकीत तेल असलं तरी विजेशिवाय ते वर येत नाही. गेम तयार करणाऱ्या इंडी स्टोनच्या लोकांनी नेमकं हेच गेममध्ये घातलंय. नेहमीच्या मांडणीत वीज आणि पाणी पहिल्या तीस दिवसांत कधीही जातं, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी. तारीख कळत नाही. म्हणून पहिल्याच संध्याकाळी घरातली यच्चयावत भांडी, बाटल्या, पातेली भरून ठेव. पाणी गेल्यावरही शेजारच्या घरांच्या सिंकमध्ये आणि टबात थोडं उरलेलं असतं, ते मागाहून वापरता येतं.

पागोळीखाली पिंप लावायची आपली रीत इथेही चालते. सुतारकाम चौथ्या पायरीवर गेलं की चार फळ्या, चार खिळे आणि चार कचऱ्याच्या पिशव्या यांत पावसाचं पाणी धरणारं पिंप होतं. ते पाणी तसंच पिऊ नकोस, उकळून घे. फळ्या आणि सुतारकामाचा सराव दोन्ही एकदम हवं असेल तर करवत आणि हातोडा घेऊन आसपासच्या घरांतलं फर्निचर मोडत जा.

जनरेटर दिसला तर लगेच उचलून आणू नकोस, तो भलता जड असतो. आधी तो कसा वापरायचा हे सांगणारं मासिक शोध. ते वाचल्याशिवाय पात्राला जनरेटर जोडता येत नाही. इलेक्ट्रिशियन घेतला असेल तर वाचायची गरज नाही. मिळालं की जनरेटर घराबाहेर ठेवायचा. आत ठेवलास तर धुराने झोपेतच मरशील. प्रत्यक्षातही हे असंच आहे, घरात लाईट गेली म्हणून कोणी पडवीत दार लावून जनरेटर चालवत असेल तर त्याला थांबव. आणि पेट्रोल वीज असतानाच भरून ठेव. वीज गेल्यावर पंपापाशी जनरेटर नेऊन लावावा लागतो.

खाण्यात क्रम ठेवला की पुरे. नासणारं आधी, मग फ्रिजमधलं, डबाबंद सगळ्यात शेवटी. डबे उघडायचं उपकरण दिसलं तर ते सोन्यासारखं जप, ४१मध्ये त्यावाचून बहुतेक डबे नुसतं ओझं आहेत. तांदूळ, पास्ता, साखर, लोणी हे टिकतं किंवा अंगाला लागतं. नुसत्या कोबीवर राहिलास तर पोट भरल्यासारखं वाटेल आणि वजन उतरत जाईल, आणि वजन फार उतरलं की ताकदही जाते. आपल्याकडे आगोटीची बेगमी करतात ती याच हिशोबाने, टिकणारं आणि बळ देणारं. रिव्हरसाइडला राहिलास तर नदी जवळ आहे. काठी, दोरा आणि गांडुळं मिळवून गरवायला बसता येतं, आणि हिवाळ्यात शेती बंद पडते तेव्हा त्याची किंमत कळते. फक्त गरवताना पाठ उघडी असते, काठावरचं रान आधी बघून घे. अनोळखी बोरं आणि अळंबी तोंडात टाकू नकोस.

पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे हेलिकॉप्टर येतं. बहुतेक नवखे यातच जातात. ते तुला शोधत डोक्यावर घिरट्या घालतं आणि त्या आवाजावर सगळा परिसर तुझ्या दिशेने चालू लागतो. घरात एक रेडिओ ठेव आणि हवामान सांगणारी आपत्कालीन वाहिनी रोज सकाळी ऐक. हवाई हालचालीचा उल्लेख आला की तो दिवस समज. मी त्या दिवशी स्वतःच्या घरात थांबत नाही. सकाळीच पाणी आणि दोन वेळचं खाणं घेऊन लांबच्या, आधी साफ करून ठेवलेल्या घरात जातो. जो घोळका जमायचा तो तिथे जमतो, आणि संध्याकाळी आवाज थांबला की वळसा घालून घरी. गाडी असेल तर गाडीतून त्यांना गावाबाहेर ओढून नेता येतं. गाडीने झोंबी उडवत सुटू नकोस, इंजिन पुढे असतं आणि ते बसलं की तू घोळक्याच्या मध्यात अडकतोस. अगदीच वेळ आली तर रिव्हर्समध्ये, मागच्या बाजूने.

मेलेले झोंबी दाराशी साठू देऊ नकोस. फार प्रेतं जवळ पडून राहिली की मळमळ सुरू होते, आणि मळमळ हे लागणीचंही लक्षण असल्याने नवखा घाबरून भलतंच काही करून बसतो. फावडं मिळालं तर पुर, नाहीतर ओढून लांब नेऊन टाक.

आणि खरंच चावा बसला तर? मुलं तिथेच गेम बंद करतात. तसं करू नकोस, तुझ्या हातात अजून दोन-तीन दिवस आहेत. त्याच जगात नवीन पात्र घेऊन खेळता येतं. तेव्हा उरलेल्या दिवसांत पुस्तकं, हत्यारं, बियाणं, औषधं सगळी एका घरातल्या कपाटात लाव, जिना साफ कर, नकाशावर खूण करून ठेव. मग ताप चढू लागला की त्या घरापासून लांब जा. तू मेल्यावर तुझंच पात्र झोंबी होऊन उभं राहतं, ते साठवणीच्या दारात नको. पुढचं पात्र मेलेल्या पात्रापेक्षा कितीतरी पुढून सुरू होतं, आणि माझ्या मते हा गेम खऱ्या अर्थाने शिकवला जातो तो या दोन दिवसांत, कारण तेव्हा मरायची भीती नसते आणि हात स्थिर असतो. ज्या गोष्टींची धास्ती वाटते त्या तेव्हा करून बघ: अलार्मचं घर, पाचजणांचा घोळका, शॉटगनचा आवाज किती लांब जातो ते.

लॅपटॉपचं. रॅम ८ जीबी असेल तर निघेल. रिझोल्यूशन एक पायरी खाली आण, रक्ताचे डाग कमी कर, फार लांबून बघायचा झूम बंद कर, आणि झोंब्यांची संख्या कमी ठेवलीस की प्रोसेसरवरचा भारही हलका होतो. एकट्याने खेळायला एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेट लागत नाही, त्यामुळे पावसात रेंज गेली तरी अडत नाही. लाईट गेली तर लॅपटॉपच्या बॅटरीवर आरामात मेनूपर्यंत येऊन नीट बाहेर पडता येतं. गेममध्ये एका जगाचा एकच सेव्ह असतो आणि चालू असताना मशीन अचानक बंद पडलं तर तो बिघडू शकतो, म्हणून तुझ्या युजरच्या फोल्डरमध्ये झोम्बॉईड नावाचं फोल्डर आहे, त्यातलं सेव्ह्जचं फोल्डर आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर उतरवून ठेव. हे मेल्यावर मागे जाण्यासाठी वापरू नकोस, नाहीतर वर लिहिलेल्यातलं काहीच हाताला लागणार नाही.

रोझवूडमध्ये सुरू कर आणि पहिली रात्र काढलीस की कुठल्या बाजूच्या घरात राहिलास, मागे कुंपण आहे का आणि वरच्या मजल्याला खिडक्या किती आहेत ते कळव. जनरेटर आणि पाण्याची पिंपं कुठे बसवायची ते त्या घरावरून सांगता येईल.